विश्लेषण : पुण्याची फुटबॉलची जागा हैदराबादमार्गे दिल्लीला का गेली? अडचणीतला एखादा संघ नाशिकला येऊ शकतो का?

इंडियन सुपर लीग म्हणजेच आयएसएलमध्ये २०१४ साली पुण्याला मिळालेली जागा २०१९ मध्ये हैदराबादला गेली. २०२५ मध्ये तीच जागा हैदराबादहून दिल्लीला पोहोचली. अकरा वर्षांत तीन शहरे आणि तीन नावे. देशातील व्यावसायिक फुटबॉल सध्या आर्थिक ओढगस्तीत आहे. त्यामुळे कुठला संघ कुठे जाणार, ही चर्चा आता दर हंगामात होते. स्वतःचा व्यावसायिक संघ नसलेल्या नाशिकसारख्या शहराला ही संधी वाटू शकते. सातपूरसारखी मोठी औद्योगिक वसाहत, मुंबई-पुण्याशी जोडणारे रस्ते, ओझरचे विमानतळ हे सारे जमेला धरता येते. पण संघ गाव सोडतो तेव्हा नेमके काय जाते, मागे काय उरते आणि जो संघ एका शहरातून सहज उठतो तो दुसऱ्या शहरात किती टिकतो, याची उत्तरे पुण्याच्या अनुभवात सापडतात.

पुण्याचा संघ हैदराबादला कसा गेला?

आयएसएल २०१४ मध्ये आठ संघांसह सुरू झाली. त्यात एफसी पुणे सिटी हा एक होता. वाधवान समूहाकडे त्याची मुख्य मालकी होती. हृतिक रोशन सहमालक होता, इटलीतील फिओरेंतिना क्लबशी भागीदारी होती आणि पहिल्याच हंगामात फ्रान्सचा विश्वविजेता डेव्हिड त्रेझेगे पुण्याकडून खेळला. बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल हे संघाचे घरचे मैदान. २०१७-१८ च्या हंगामात संघाने उपांत्य फेरी गाठली. तिथे बेंगळूरु एफसीने त्याला हरवले. पुणेकर पाठीराख्यांचा ‘ऑरेंज आर्मी’ हा गट तोवर चांगलाच रुजला होता.

पुढच्याच वर्षी मालक आर्थिक अडचणीत आले आणि २०१९ च्या उन्हाळ्यानंतर संघ बंद झाला. २७ ऑगस्ट २०१९ रोजी त्याच्या जागी हैदराबाद एफसीची घोषणा झाली. हंगाम सुरू व्हायला तेव्हा दोन महिनेही उरले नव्हते. पुण्याचे शेवटचे प्रशिक्षक फिल ब्राऊन हैदराबादचे पहिले प्रशिक्षक झाले. मार्सेलिन्हो, आदिल खान यांच्यासह अनेक खेळाडूही तिकडे गेले. मैदान बालेवाडीऐवजी गच्चीबौलीचे झाले.

घाईत उभारलेल्या या संघाचा पहिला सामना कोलकात्यात होता. तो त्याने ०-५ असा गमावला आणि त्या हंगामात दहा संघांत दहावा क्रमांक पटकावला. पण प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांच्या हाताखाली याच हैदराबादने २० मार्च २०२२ रोजी फातोर्ड्याच्या मैदानावर केरला ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवून आयएसएल चषक जिंकला. दोनच वर्षांत चित्र पुन्हा पालटले. पगार थकले, परदेशी खेळाडू निघून गेले, नवे खेळाडू घेण्यावर बंदी आली. मग मालकी बी. सी. जिंदल समूहाकडे गेली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये संघ ‘स्पोर्टिंग क्लब दिल्ली’ या नावाने राजधानीत गेला. २०२२ मध्ये चषक उंचावणाऱ्या शहरात आज आयएसएलचा संघ नाही.

संघ गेला की जागा गेली?

हा फरक महत्त्वाचा आहे. आयएसएल फ्रँचायझी पद्धतीवर उभी राहिली. मालक लीगला ठरावीक रक्कम देतो आणि त्या बदल्यात स्पर्धेत खेळण्याचा हक्क मिळवतो. शहराचे नाव या हक्काला चिकटलेले असते, पण ते सोडवून दुसरे लावता येते. सुरुवातीची अनेक वर्षे स्पर्धेत पदावनतीही नव्हती. तळाला राहिलेला संघ खालच्या स्पर्धेत जात नसे. त्यामुळे खेळाच्या निकालापेक्षा हा हक्क कुणाच्या हातात आहे, याला अधिक किंमत होती.

मालकाकडे त्या शहरात स्वतःचे असे काय असते? मैदान बहुतेक ठिकाणी सरकारचे किंवा महापालिकेचे, भाड्याने घेतलेले. बालेवाडीचे संकुल राज्य सरकारचे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते उभे राहिले. मुंबई सिटी एफसी खेळते ते अंधेरीचे मैदानही महापालिकेच्या क्रीडा संकुलातले. खेळाडू मुदतीच्या करारावर. कार्यालय भाड्याचे. म्हणजे शहर सोडताना मालकाला विकावी लागेल अशी जमीन नसते आणि पाडावी लागेल अशी इमारतही नसते. सामान बांधायला एक ट्रक पुरतो.

शहराचे जे खरोखर असते ते मात्र हलवता येत नाही. दर सामन्याला येणारे प्रेक्षक, संघाच्या अकादमीत सराव करणारी बारा-पंधरा वर्षांची मुले, त्यांना मैदानावर सोडायला येणारे आईवडील, स्थानिक प्रशिक्षक. या सगळ्यांचा कुठल्याही करारात उल्लेख नसतो. म्हणून संघ जातो तेव्हा हिशेबाच्या वहीत शहराचे नुकसान दिसत नाही.

पुण्यात हे एकदाच घडले का?

नाही. एफसी पुणे सिटी हे या मालिकेतले शेवटचे नाव होते. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी २००७ मध्ये सुरू झाला. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये तो उपविजेता होता. २०१५ मध्ये तो बंद झाला. कल्याणी समूहाचा भारत एफसी २०१४-१५ चा एकच हंगाम खेळला आणि थांबला. डीएसके शिवाजियन्सने २०१५-१६ मध्ये आय-लीगमध्ये पाऊल ठेवले आणि दोन हंगामांनंतर स्पर्धा सोडली. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी गेला. चारही संघांचे घरचे मैदान बालेवाडीच होते.

म्हणजे पाच वर्षांच्या आत एकाच मैदानावरून चार व्यावसायिक संघ उठले. त्यापैकी एकाचीच जागा दुसऱ्या शहरात गेली, बाकीचे तिथेच मिटले. बालेवाडीचे मैदान शहराच्या जुन्या वस्तीपासून दूर आहे आणि ॲथलेटिक्सच्या धावपट्टीमुळे प्रेक्षक आणि खेळ यांच्यातही अंतर पडते. पण खरे कारण मैदानाबाहेरचे होते. चारही संघ एकेका उद्योगसमूहाच्या पैशावर उभे होते. समूहाचे गणित बदलले की संघाचे भवितव्य बदलले.

संघ अडचणीत का येतात?

फुटबॉल क्लबचे उत्पन्न तीन मार्गांनी येते. सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क, प्रायोजक आणि तिकिटे. भारतात तिन्ही मार्ग अरुंद आहेत.

तिकिटांचे पाहू. दहा संघांच्या आयएसएलमध्ये प्रत्येक संघ साखळीत १८ सामने खेळे. त्यातले घरच्या मैदानावर नऊ. म्हणजे वर्षातल्या ३६५ दिवसांपैकी नऊ संध्याकाळी गल्ल्यावर पैसे येणार आणि खेळाडू, प्रशिक्षक, प्रवास, निवास, अकादमी यांचा खर्च मात्र वर्षभर चालणार. सातपूरच्या एखाद्या कारखानदाराला हे गणित सांगितले तर तो हसेल. यंत्रे वर्षभर पगारी ठेवायची आणि पाळी नऊच दिवस चालवायची, असा हा धंदा आहे.

प्रक्षेपणाचे चित्रही अस्थिर आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने डिसेंबर २०१० मध्ये व्यावसायिक हक्कांचा १५ वर्षांचा करार ७०० कोटी रुपयांना केला होता. त्याच कराराच्या आधारावर आयएसएल उभी राहिली. तो डिसेंबर २०२५ मध्ये संपला. पुढचा करार होत नसल्याने जुलै २०२५ मध्येच नवा हंगाम लांबणीवर टाकावा लागला. नव्या निविदेला बोलीच आली नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी जानेवारी २०२६ मध्ये घोषणा केली आणि १४ फेब्रुवारीपासून १४ संघांचा, ९१ सामन्यांचा छोटा हंगाम खेळवण्याचे ठरले. प्रत्येक संघाच्या वाट्याला जेमतेम १३ सामने.

याच काळात जगातील सर्वांत श्रीमंत फुटबॉल समूहांपैकी एक असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटी एफसीमधून अंग काढून घेतले. या समूहाने नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबईतील ६५ टक्के हिस्सा घेतला होता. त्यानंतर मुंबईने चषक आणि साखळीतील अव्वल स्थानाची ढाल, दोन्ही प्रत्येकी दोनदा जिंकले. मैदानावर इतके यश मिळवूनही परदेशी भागीदार थांबला नाही. जिंकल्याने संघ शहरात टिकतोच असे नाही, हे यातून दिसते.

शहर बदलून संघाचे भले होते का?

कधी कधी होते. दिल्ली डायनामोजचे उदाहरण पाहा. २०१४ पासून दिल्लीत खेळणारा हा संघ ऑगस्ट २०१९ मध्ये भुवनेश्वरला गेला आणि ओडिशा एफसी झाला. तिथे राज्य सरकार खेळांवर पैसा खर्च करत होते, कलिंगा स्टेडियम तयार होते आणि सरकारला आपल्या राज्याचे नाव लावणारा संघ हवा होता. २०२३ मध्ये या संघाने सुपर कप जिंकला. दिल्लीत पाच वर्षांत एकही करंडक मिळाला नव्हता.

पण यातला फरक ओळखायला हवा. भुवनेश्वरने संघाला मैदान, सराव सुविधा आणि सरकारी पाठबळ दिले. पुण्याहून हैदराबादला गेलेल्या जागेला नवा मालक मिळाला, शहराची व्यवस्था तिच्यामागे उभी राहिली नाही. म्हणून चषक जिंकूनही ती जागा पुन्हा उठली. यातून एक साधी गोष्ट निघते. शहर बदलल्याने उत्पन्नाचा प्रश्न सुटत नाही. तो कुणाच्या तरी अंगावर टाकला जातो. भुवनेश्वरमध्ये त्यातला मोठा भार सरकारने उचलला.

या साऱ्याचा सातपूरशी संबंध काय?

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत महिंद्रचा वाहन कारखाना आहे. या परिसरातील हजारो घरांची चूल त्यावर आणि त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या लहान-मोठ्या उद्योगांवर पेटते. याच कंपनीचा फुटबॉल संघ एकेकाळी देशातला अव्वल संघ होता. १९६० च्या दशकात कंपनीचा संघ म्हणून सुरू झालेला आणि पुढे ‘महिंद्र युनायटेड’ नावाने ओळखला गेलेला हा संघ मुंबईच्या कूपरेजवर खेळे. जीप बनवणाऱ्या कंपनीचा संघ म्हणून ‘जीपमेन’ हे त्याचे टोपणनाव. ड्युरँड चषक, फेडरेशन चषक आणि २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग या संघाने जिंकली. राष्ट्रीय लीग जिंकताना प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा. पुढे पुणे एफसीला नावारूपाला आणणारेही तेच.

२००९-१० च्या हंगामानंतर कंपनीने हा संघ बंद केला आणि शालेय फुटबॉलकडे वळण्याचे ठरवले. संघ तोट्यात गेला म्हणून कंपनी बुडाली नाही, किंवा कंपनी अडचणीत होती म्हणून संघ बंद पडला असेही नाही. कंपनीचे धोरण बदलले, एवढेच. पंजाबच्या फगवाड्यातील जेसीटी मिल्सचा नामांकित संघही पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये थांबला. मुंबईत २००७ साली सुरू झालेला मुंबई एफसी आय-लीगमधून पदावनत झाल्यानंतर २०१७ मध्ये संपला.

कंपनीचा संघ आणि फ्रँचायझी यांत इथे फरक दिसतो. कंपनीचा संघ बंद होतो, कारण त्याचे नाव दुसऱ्याला विकता येत नाही. फ्रँचायझी मात्र विकता येते, म्हणून ती गाव बदलते. शहराच्या दृष्टीने दोन्हींचा शेवट सारखाच.

कारखाना हलवण्यापेक्षा संघ हलवणे सोपे आहे का?

कायद्याच्या दृष्टीने, हो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार ३०० किंवा त्याहून अधिक कामगार असलेला कारखाना बंद करायचा असेल तर मालकाला ९० दिवस आधी सरकारकडे अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. आधीच्या केंद्रीय कायद्यात ही मर्यादा १०० कामगारांची होती. बंद झाल्यास सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई द्यावी लागते. ही मर्यादा १०० वरून ३०० वर नेल्याने अनेक कारखाने परवानगीच्या कक्षेबाहेर गेले, अशी कामगार संघटनांची तक्रार आहे. तरीही मोठ्या कारखान्यासाठी निदान अर्ज, सुनावणी आणि भरपाई या पायऱ्या आहेत.

फुटबॉल संघासाठी यातले काही नाही. खेळाडू आणि प्रशिक्षक मुदतीच्या करारावर असतात. मैदानाची देखभाल करणारे, सामन्याच्या दिवशी काम करणारे, अकादमीतील साहाय्यक हे बहुतेक कंत्राटी. संघ हलवताना लीग आणि महासंघ यांची मान्यता लागते, पण शहराची, महापालिकेची किंवा पाठीराख्यांची संमती लागत नाही. पुण्याची जागा हैदराबादला गेली तेव्हा पुण्यात कुणाची सुनावणी झाली नाही, कारण सुनावणी घेण्याची व्यवस्थाच नव्हती.

परदेशात काय होते?

इंग्लंडमधील सर्वांत गाजलेले प्रकरण विम्बल्डनचे. लंडनचा हा क्लब तोट्यात होता आणि त्याला स्वतःचे मैदान नव्हते. २८ मे २००२ रोजी फुटबॉल संघटनेने नेमलेल्या तीन सदस्यांच्या समितीने दोन विरुद्ध एक मताने त्याला सुमारे ९० किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्सला जाण्याची परवानगी दिली. २००३ मध्ये संघ गेला आणि २००४ मध्ये त्याचे नाव एमके डॉन्स झाले. विम्बल्डनच्या पाठीराख्यांनी मात्र समितीच्या निर्णयानंतर काही आठवड्यांतच स्वतःच्या मालकीचा एएफसी विम्बल्डन हा नवा क्लब काढला. अगदी तळाच्या स्थानिक स्पर्धेतून सुरुवात करून तो २०११ मध्ये व्यावसायिक लीगमध्ये पोहोचला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये विम्बल्डनच्या प्लाऊ लेनवर स्वतःच्या नव्या मैदानात परतला.

अमेरिकेत संघ हलवणे ही जुनी पद्धत आहे, पण तिथे शहरांनीही शहाणपण शिकून घेतले. क्लीव्हलँडचा अमेरिकन फुटबॉल संघ १९९६ मध्ये बाल्टिमोरला गेला, तेव्हा शहराने वाटाघाटी करून संघाचे नाव, रंग आणि विक्रम आपल्याकडे ठेवले. मालकाला बाल्टिमोरमध्ये नवे नाव घ्यावे लागले. त्यानंतर ओहायो राज्याने कायदा केला. सार्वजनिक पैशाचा लाभ घेतलेल्या संघाला शहर सोडायचे असेल तर सहा महिन्यांची नोटीस द्यायची आणि स्थानिकांना संघ विकत घेण्याची संधी द्यायची. २०१७ मध्ये त्याच राज्यातील कोलंबस क्रू हा फुटबॉल संघ टेक्सासमधील ऑस्टिनला न्यायचे मालकाने ठरवले. पाठीराख्यांनी आंदोलन केले, राज्याने हा कायदा पुढे करून न्यायालयात धाव घेतली, स्थानिक खरेदीदार पुढे आले आणि संघ कोलंबसमध्येच राहिला.

जर्मनीत नियम आणखी कडक आहे. काही अपवाद सोडले तर क्लबमधील निम्म्याहून अधिक मताधिकार सभासदांकडेच राहतो. त्यामुळे एकटा गुंतवणूकदार संघ उचलून दुसऱ्या गावी नेऊ शकत नाही.

महाराष्ट्रात न हलणारे संघ आहेत का?

आहेत आणि त्यासाठी जर्मनीपर्यंत जाण्याची गरज नाही. कोल्हापुरात पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, प्रॅक्टिस क्लब असे संघ आहेत. पेठा आणि तालमींशी बांधलेले. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या स्पर्धांसाठी राजर्षी शाहू स्टेडियम भरते, पाठीराखे पेठेनुसार बसतात आणि सामन्याआधी आठवडाभर गल्लीत चर्चा चालते. देशात २०१७ मध्ये झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

या संघांकडे मोठी गुंतवणूक नाही. वर्गणी, देणग्या आणि स्थानिक पुढाऱ्यांचे पाठबळ यांवर ते चालतात. त्यांच्यात दोषही आहेत. हुल्लडबाजीमुळे सामने थांबवण्याची वेळ येते, राजकारण शिरते, आर्थिक शिस्त कमी पडते. राष्ट्रीय स्तरावर त्यांपैकी एकही संघ टिकून राहिलेला नाही. पण पाटाकडील तालीम हैदराबादला जाईल अशी बातमी कधी येणार नाही. तिथे संघाचे नाव म्हणजे पेठेचे नाव आहे आणि पेठ विकता येत नाही.

व्यावसायिक फुटबॉलचा पेच इथेच आहे. पैसा असलेल्या संघांना मूळ नाही आणि मूळ असलेल्या संघांकडे पैसा नाही.

मग अडचणीतला संघ नाशिकला येऊ शकतो का?

नियमांच्या अंगाने अशक्य काहीच नाही. व्यवहारात मात्र तीन अडचणी आहेत.

पहिली मैदानाची. व्यावसायिक सामन्यासाठी प्रकाशझोत, प्रक्षेपणाच्या सोयी, खेळाडूंच्या स्वतंत्र खोल्या, वैद्यकीय व्यवस्था आणि फुटबॉलसाठीच जपलेले गवत लागते. नाशिकमध्ये हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर क्रिकेटचे रणजी सामने होतात आणि पंचवटीत मीनाताई ठाकरे विभागीय क्रीडा संकुल आहे. पण व्यावसायिक फुटबॉलचे घर म्हणून नाव घ्यावे असे मैदान शहरात नाही. महापालिका आणि राज्य सरकारचे लक्ष आणि पैसा २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीकडे आहे. त्र्यंबकेश्वरचा रस्ताच सातपूरमधून जातो, त्यामुळे या भागात तर कामांची रांग लागलेली आहे. अशा काळात फुटबॉल स्टेडियमला अग्रक्रम मिळणे कठीण.

दुसरी अडचण नावापुरत्या संघाची. संघाला शहराचे नाव असले म्हणजे तो त्या शहरात खेळेलच असे नाही. नाशिककरांना याचा अनुभव आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये ईगल नाशिक टायटन्स हा क्रिकेट संघ आहे, पण पहिल्या हंगामातले सगळे सामने पुण्याजवळच्या गहुंजेत झाले. फुटबॉलमध्ये वाराणसीच्या नावाचा इंटर काशी हा संघ आय-लीगमधले घरचे सामने पश्चिम बंगालमधील कल्याणीत खेळला. अडचणीतल्या संघाने नाशिकचे नाव घेतले आणि सामने नवी मुंबईत खेळवले, तर सातपूरच्या मुलांना त्याचा उपयोग टीव्हीपुरताच.

तिसरी अडचण पैशाची. सातपूर-अंबडमधले बहुतेक उद्योग हे मोठ्या कंपन्यांना माल पुरवणारे लघू आणि मध्यम उद्योग आहेत. एका संघाचा वर्षाचा खर्च कोट्यवधींचा. एकट्याच्या जोरावर तो उचलणारा मालक सापडला, तरी पुण्याचाच प्रयोग पुन्हा होण्याचा धोका राहतो.

संघ आलाच, तर शहराने काय मागावे?

पुणे, हैदराबाद, कोलंबस आणि विम्बल्डन यांचे अनुभव एकत्र केले तर पाच अटी समोर येतात.

पहिली, मैदान द्यायचे तर ते वर्षाच्या भाड्याने नको. किमान दहा वर्षांचा करार आणि मुदतीआधी सोडल्यास दंड.

दुसरी, शहर सोडण्याआधी जाहीर नोटीस आणि स्थानिक उद्योजक, संस्था किंवा पाठीराख्यांच्या गटाला संघ घेण्याची पहिली संधी.

तिसरी, अकादमी वेगळ्या न्यासाकडे किंवा संस्थेकडे. मुख्य संघ गेला तरी मुलांचा सराव दुसऱ्या दिवशीही सुरू राहायला हवा. सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत जास्त उपयोगाची अट हीच.

चौथी, शहराचे नाव लावायचे तर नाव, बोधचिन्ह आणि विक्रम यांवर शहराचाही हक्क.

पाचवी, ठरावीक संख्येने सामने शहरातच. नाव नाशिकचे आणि मैदान दुसरीकडचे, ही सोय मान्य नसावी.

या अटी ऐकून एखादा मालक माघारी फिरेल. तसा मालक हंगाम बिघडताच निघून जाणाराच असतो. तो आधी गेलेला बरा.

दुसरा मार्ग आहे का?

आहे, पण लांबचा. २०२३ मध्ये पंजाब एफसी आय-लीग जिंकून आयएसएलमध्ये आला. पुढच्या वर्षी मोहम्मेडन स्पोर्टिंग आणि त्यानंतर इंटर काशी याच वाटेने आले. म्हणजे जागा विकत न घेताही वर जाता येते. जिल्हा स्पर्धा, वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या राज्य पातळीवरच्या स्पर्धा, मग राष्ट्रीय स्तरावरची खालची लीग आणि त्यानंतर वर, असा तो जिना आहे. मोहम्मेडनसारख्या शंभर वर्षांहून जुन्या क्लबलाही तो चढायला बराच काळ लागला आणि वर पोहोचल्यावर पैशाची चणचण संपली नाही. पण असा क्लब खालून वर येताना आपल्याबरोबर खेळाडू, प्रेक्षक आणि शहर घेऊन येतो. वरून आणलेला संघ मालक आणि नाव घेऊन येतो.

सातपूरसारख्या कामगार वस्तीत हा मार्ग अगदीच अनोळखी नाही. कंपन्यांच्या आंतरविभागीय स्पर्धा, कामगार कल्याणाचे क्रीडा उपक्रम, शाळांचे संघ ही त्याची सुरुवातीची पायरी असू शकते. एका कंपनीचा संघ कंपनीच्या धोरणाबरोबर संपतो, हे महिंद्र युनायटेडने दाखवले. तेव्हा एका कंपनीऐवजी वसाहतीतल्या अनेक उद्योगांनी थोडा थोडा भार उचललेला आणि सभासदांच्या मालकीचा क्लब अधिक टिकाऊ ठरू शकतो.

पुढे काय?

आयएसएलचे आर्थिक गणित स्थिर होत नाही तोवर संघ हलवण्याच्या, विकण्याच्या आणि बंद करण्याच्या बातम्या येत राहतील. ज्या शहरात सरकार पैसा टाकायला तयार असेल, तिकडे त्यांचा कल राहील. एखाद दिवशी त्या यादीत नाशिकचे नाव आले तर शहराला आनंद होणे साहजिक आहे. पण तेव्हा विचारायचा पहिला प्रश्न ‘संघ कधी येणार’ हा नसावा. ‘जाताना काय ठेवून जाणार’ हे आधी विचारावे लागेल. बालेवाडीतून चार संघ गेले, पण हा प्रश्न एकाही मालकाला लेखी विचारला गेला नव्हता.